अंगठा म्हणजे उत्तर नव्हे

ताई,

मी देवबागचा, वय २८. मालवणात स्कूबाच्या बोटीवर काम करतो, पर्यटकांना पाण्याखाली नेतो. आम्ही तिघे बालवाडीपासूनचे मित्र. एकाचं घरातच होम-स्टे आहे, दुसरा देवगडला आजोळची आंब्याची कलमं बघतो. गेल्या वर्षी मे महिन्यात होम-स्टेवाल्याचा साखरपुडा मोडला. मुलीला मुंबईचं स्थळ आलं म्हणून तिच्या घरच्यांनी अंगठी परत पाठवली. तो महिनाभर माडीवरून खाली उतरला नाही. जूनमध्ये मासेमारीबंदी लागली, आमचाही धंदा बंदच होता, म्हणून आम्ही दोघं रोज त्याच्याकडे झोपायला जायचो. एका रात्री मोबाइलवर एक इंग्रजी सिनेमा लावला. न्यूयॉर्कमधले तीन मित्र, त्यातल्या एकाचा संसार मोडतो, मग त्याला सोबत म्हणून तिघंही ठरवतात की कुणाशी पक्कं नातं जोडायचं नाही. आम्ही हसून हसून लोळलो. कितीतरी दिवसांनी तोही हसला. त्याच रात्री तिघांनी किनाऱ्यावर जाऊन समुद्राला नारळ दिला आणि शपथ घेतली, की कुणी कुणात अडकायचं नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नाव ‘तीन नारळ’.

ऑक्टोबरात माझ्या कानाला दडा बसला. कुडाळला औषधाच्या दुकानात थेंब मागायला गेलो, तर काउंटरवरच्या मुलीने आधी डॉक्टरला दाखवून या म्हणून सांगितलं आणि थेंब दिलेच नाहीत. तीच ती. आता वर्ष होत आलं. मालवणात आली की रॉक गार्डनला बसतो, एरवी फोनवर तासन्‌तास गजाली. तिच्याशी बोलल्याशिवाय माझा दिवस सरत नाही. पण हे मित्रांना माहीत नाही, आणि आमचं नक्की काय आहे ते मी तिलाही कधी सांगितलेलं नाही. जातही वेगळी आहे.

या गणपतीत तिने घरी दर्शनाला बोलावलं. ‘सगळी येतत, तू पण ये. कोण काय विचारूचो नाय.’ मी गेलो नाही. रात्री तिने फोटो पाठवला, केळीच्या पानाने झाकलेलं ताट. खाली लिहिलं होतं, ‘तुझ्या वाटणीचे मोदक. आपला फुडे काय?’ मी अंगठा पाठवला. तेव्हापासून काहीही विचारलं तरी ती ‘दुकानात आहे’ एवढंच लिहिते. त्यात आता मला कळलंय की देवगडवालासुद्धा राजापूरच्या एका मुलीशी सहा महिने बोलतोय, चोरून. मी शपथ मोडू की तिला सोडू? आणि नऊ महिन्यांच्या कमाईवर मी कुणाला काय शब्द देणार?

– तीन नारळांतला एक

*

प्रिय देवबागकर,

तुझं पत्र वाचताना मी त्या अंगठ्यापाशी थांबले आणि बराच वेळ पुढे जाऊ शकले नाही.

चार वर्षांपूर्वी तारकर्लीला मी आयुष्यात पहिल्यांदा पाण्याखाली गेले. तुझ्याच वयाचा एक मुलगा सोबत होता. उतरण्याआधी त्याने बोटीवर मला खुणा शिकवल्या. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून वर्तुळ, कान दुखला तर कानाकडे बोट, वर जायचं असेल तर अंगठा. खाली गेले, आणि काळ्या पट्ट्यांच्या पिवळसर माशांचा एक थवा माझ्या तोंडासमोरून इतक्या जवळून गेला की आनंदाने मी सवयीसारखा अंगठा वर केला. त्याने तीच खूण मला परत करून दाखवली, माझा दंड धरला आणि मला वर घेऊन आला. मी म्हटलं, ‘अरे, मी छान म्हणत होते.’ तो म्हणाला, ‘ताई, खाली अंगठो म्हणजे वर चला. दुसरो अर्थ नाय.’ मग त्याने मला नीट समजावलं, की समोरच्याने केलेली खूण आपण परत करून दाखवायची, म्हणजे त्याला कळतं की आपल्याला कळलं. तोवर तो जागचा हलत नाही.

हे तू रोज करतोस. कोल्हापूरहून, पुण्याहून आलेला कुणी अनोळखी माणूस, नाव संध्याकाळपर्यंत विसरून जाशील असा, पण त्याला तू पाण्याखाली एक क्षणही संभ्रमात ठेवत नाहीस. तिथे माणूस गोंधळला की घाबरतो आणि घाबरला की त्याचा श्वास चुकतो, हे तुला कुणी शिकवावं लागत नाही. आणि जिने तुझ्यासाठी मोदक झाकून ठेवले तिने ‘आपला फुडे काय’ विचारलं, तेव्हा तू अंगठा पाठवलास. इतरांच्या बोलण्यात त्याचा अर्थ काहीही होतो. तुझ्या धंद्यात एकच होतो, बुडी संपली, वर चल. वर्षभर तुझ्या गजाली ऐकलेल्या मुलीला हा अर्थ माहीत नसेल असं मला वाटत नाही.

गणपतीचंही तू एका वाक्यात उरकलंस, पण ते तेवढ्यावर उरकण्यासारखं नाही. आपल्याकडे गणपतीच्या दर्शनाला बोलावणं लागत नाही. ज्याच्याशी वर्षभर बांधावरून कोर्टकचेरी चाललेली असते तोसुद्धा येतो, नमस्कार करतो, प्रसाद घेऊन जातो. तू गेला असतास तर खळ्यात बसलेल्यांपैकी कुणी मान वळवून बघितलं नसतं. तू न गेलेला फक्त तिला दिसलास. आणि ते ताट झाकताना तिला घरात कुणीतरी विचारलंच असेल ना, ‘ह्यां कोणासाठी?’ तिने काय उत्तर दिलं असेल याचा विचार तू केलायस का? मी केला. मला काही सुचलं नाही.

आता तुझा प्रश्न. शपथ मोडू की तिला सोडू? मला हा प्रश्नच पटत नाही. तुझ्यासारखी मुलं स्वतःबद्दल सांगतात की आम्हाला बांधून घेणं जमत नाही, आणि तूही तसंच मानतोयस. पण एका दुखावलेल्या मित्रासाठी घेतलेली शपथ तू सव्वा वर्ष पाळतोयस, तीही स्वतःचा जीव तुटत असताना. शब्दाला जागणं तुला चांगलं जमतं. फक्त जो शब्द तिच्या आयुष्याशी जोडलेला आहे, तो तू दुसऱ्याच दोघांना देऊन बसलायस. तिला हे माहीतही नाही. तुमची ओळख होण्याच्या चार महिने आधी, जूनच्या एका रात्री, तिच्याबद्दलचा निर्णय देवबागच्या किनाऱ्यावर झाला, आणि ती बिचारी अजून विचारतेय, पुढे काय.

त्या सिनेमाबद्दल दोन गोष्टी सांगते. असे सिनेमे मला मनापासून आवडतात. पोरं एकमेकांसमोर फुशारकी मारतात, मुलीसमोर गडबडतात, मित्राला एक सांगतात आणि तिला दुसरंच, आणि आपण हसतो, कारण त्यांचं खोटं सगळ्यांना दिसत असतं, फक्त त्यांना दिसत नसतं. तुम्ही जो बघितलात त्यातही ते तिघं शेवटी एकमेकांपासूनच लपवत होते ना? सगळी गंमत त्या लपवालपवीत होती. तुम्ही शपथेपर्यंतचा भाग उचललात आणि पुढचा तिथेच सोडलात. आता देवगडवाला राजापूरशी चोरून बोलतोय, तू कुडाळशी. पुढचा भाग आपोआप घडायला लागलाय.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. या सिनेमांत मुलीचं वाट बघणं दाखवत नाहीत. एका गाण्यात चार महिने सरतात, ती खिडकीत उभी दिसते, ऋतू बदलतो, झालं. मग मुलगा धावत येतो, चारचौघांत भाषण करतो, ती रडत हसते. ते न्यूयॉर्क आहे. तिथे भाषण ऐकणारी माणसं दुसऱ्या दिवशी पुन्हा भेटत नाहीत. तुझी मैत्रीण कुडाळात काउंटरवर उभी असते आणि दिवसाला शंभर ओळखीचे चेहरे तिच्यासमोरून जातात. तेव्हा हात जोडून सांगते, तिच्या दुकानासमोर, जत्रेत, एस.टी. स्टँडवर, कुठेही असला काही देखावा करू नकोस. लोकांसमोर विचारलं की तिला नाही म्हणता येत नाही, आणि हो म्हणाली तरी ते तिचं राहत नाही, गावाचं होतं.

आता मला खरं काय वाटतं ते सांगते, आणि माझं चुकलं असेल तर मला उलट लिही. ‘कुणात अडकायचं नाही’ हे तुमचं वाक्य मला स्वातंत्र्याचं वाटत नाही. ते जखमेवर बांधलेलं फडकं वाटतं. तुमच्या मित्राची अंगठी परत आली ती तो वाईट होता म्हणून नाही. त्याचा पत्ता मुंबईचा नव्हता म्हणून. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या, चाळींचे टॉवर झाले, पण ‘मुंबईत खोली आसा काय?’ हा प्रश्न आपल्याकडच्या बैठकीतून अजून उठलेला नाही. गावात राहून, समुद्रावर नाहीतर कलमांवर पोट भरणाऱ्या मुलांना हा प्रश्न किती लागतो, हे मी माझ्या भाच्यांच्या तोंडावर बघितलंय. त्या रात्री तुम्ही तिघांनी ठरवलं, की आपल्याला कुणी नाकारण्याआधी आपणच सगळ्यांना नाकारू. मला तुमचा राग येत नाही. पोटात कालवतं. पण ती मुलगी मुंबईची खोली मागायला आलेली नाही. तिने तुला मोदक खायला बोलावलं होतं.

कमाईचं म्हणशील तर ती अडचण खरी आहे आणि मी ती गुळगुळीत करणार नाही. मे संपता संपता पर्यटनाच्या बोटी बंद होतात त्या ऑगस्ट संपेपर्यंत. तीन महिने घरी, आणि हे दर वर्षी. मग ते तिच्यासमोर मांड ना. एका कागदावर लिही, सीझनला महिन्याला किती येतात, कर्ज किती, पावसात काय करतोस, काय करता येईल. औषधांच्या मुदतीच्या तारखा आणि बिलं रोज तपासणारी मुलगी आहे ती, आकड्यांना घाबरायची नाही. आणि नऊ महिन्यांच्या कमाईवर तिला जगायचं आहे की नाही, हे तू तिच्या वतीने कसं ठरवतोस? जातीचं एवढंच सांगते, की कायद्याची आडकाठी नाही. दोघं हिंदू असाल तर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने लग्न होतं, धर्म वेगळे असतील तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे, त्याला तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते. घरच्यांशी मात्र झुंजावं लागेल, आणि झुंजायला दोघं लागतात. आज तू तिच्या बाजूला उभा आहेस की नाही, हेच तिला ठाऊक नाही.

हे सगळं मी कोरडेपणाने लिहू शकत नाही, कारण त्या ताटापाशी मी बसलेली आहे. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली तेव्हा मी २३ वर्षांची होते, कणकवलीला. एकजण मुंबईला नोकरीला होता. आधी रात्रभराच्या एस.टी.ने यायचा, मग गाडीने यायला लागला, आणि मला वाटलं, आता अंतर मिटलं. त्याची पत्रं यायची, निळ्या शाईची, पाठपोट. त्यात पाऊस असायचा, ऑफिसातला साहेब असायचा, खोलीवरचे मित्र, त्यांच्या फजित्या, सगळं असायचं. पुढचं काही नसायचं. मी एकदाच विचारलं. त्याने उत्तरात लिहिलं, ‘बघू, घाई काय आहे.’ त्या ‘बघू’वर मी अडीच वर्षं काढली. मधे दोन स्थळं मला पुढे शिकायचंय म्हणून परत पाठवली, आणि मला काहीही शिकायचं नव्हतं. शेवटी त्याच्या लग्नाची पत्रिका आली, आमच्याच पोस्टमनने दिली. नकार मी पचवला असता. रडले असते, आईच्या कुशीत झोपले असते, उठले असते. पण त्या अडीच वर्षांचं काय करायचं, ते मला कितीतरी काळ कळलं नाही. कारण तो नाही म्हणालाच नव्हता, त्यामुळे कुणाला सांगताही येत नव्हतं की माझं काय मोडलं.

पुढे माझं चांगलं झालं. नवरा गुणी मिळाला, पोरं आहेत. तरीही निळ्या शाईचं अक्षर कुठे दिसलं की हात थबकतो.

म्हणून तू आधी तिच्याकडे जा. मित्रांशी मिटवून मग जातो असं मनात आणू नकोस, तोही ‘बघू’च आहे. तिच्या सुट्टीच्या दिवशी, तिला आधी विचारून, ती म्हणेल त्या ठिकाणी भेट. फोनवर नको. आणि भेटल्यावर सुरुवात शपथेपासून कर. तिला सांग की असं असं ठरलं होतं, का ठरलं होतं, आणि तू तिला वर्षभर लपवलंस. हे तिला दुसऱ्या कुणाकडून कळता कामा नये. गणपतीला का आला नाहीस ते सांग, सबब न देता. भीती वाटली असेल तर भीती वाटली म्हण. मग तुला काय हवंय ते सांग. लग्नाची तारीख काढायला मी तुला सांगत नाही. ‘माका तुझ्यावांगडा ऱ्हवाचा आसा, घरी सांगूची तयारी आसा, पैशांचा जमवक माका एवढो वेळ लागतलो’, इतकं स्पष्ट बोललास तरी पुष्कळ. आणि मनात धुंडाळून तुला ‘नाही’ सापडलं, तर ते सांगायलाही जायचंच. तोंडावर, त्याच आठवड्यात.

आपल्याकडे देवळात कौल लावतात तो तू लहानपणापासून बघितला असशील. गुरव पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो, सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात आणि मग कुणी हलत नाही. उजवीकडची पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. डावा कौल मिळालेला माणूससुद्धा घरी जाऊन जेवतो, कारण त्याला उत्तर मिळालेलं असतं. आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेची तारीख पंचांगात नसते, कौल झाल्यावर ठरते, आणि एकदा ठरली की मुंबईतला चाकरमानी रजा टाकतो, तिकीट काढतो, घरी फोन करतो. ठरल्यावर माणसाला हातपाय हलवता येतात. तुझ्या मैत्रिणीला तेवढंच हवंय.

मात्र हे लक्षात ठेव, तू तुझं सांगितल्यावर कौल तिचा आहे. ती चिडेल. कदाचित आता नको म्हणेल, किंवा विचार करायला दोन महिने मागेल. तू वर्ष घेतलंस, तिला दोन महिने दे. नाही म्हणाली तर एकदाच ऐक आणि परत ये. मित्रांकरवी निरोप, मैत्रिणींकरवी विनवण्या, रात्री-अपरात्री फोन, यातलं काहीही करायचं नाही. ते प्रेम नसतं, जाच असतो.

त्यानंतर मित्र. ज्याचा साखरपुडा मोडला त्याला एकट्याला गाठ, ‘तीन नारळ’वर मेसेज टाकू नकोस. ही शपथ त्याच्यासाठी घेतलेली होती, म्हणून मोडतानाही त्याच्यासमोर बसूनच मोडायची. त्याला वाईट वाटेल. थोडा वेळ असंही वाटेल की आता तोच एक मागे राहिला. पण त्याला बरं कशाने वाटलं होतं ते आठव. तुम्ही दोघं महिनाभर त्याच्या माडीवर झोपायला जात होतात. सिनेमा आणि शपथ नंतरची. तेव्हा त्याला सांग की शपथ गेली तरी झोपायला येणं जाणार नाही, आणि मग खरोखर जा. मी हे जोर देऊन लिहितेय, कारण मित्रांची लग्नं झाल्यावर कट्टे ओस पडतात ही भीती पोकळ नाही. मी ओस पडलेले कट्टे बघितलेत. तेवढं तुला सांभाळावं लागेल, आणि तिलाही आधीच सांगून ठेवावं लागेल की हा मित्र आपल्या घरातला आहे.

देवगडवाल्याचं गुपित तू फोडू नकोस. तुझं सांगून झालं की तो स्वतःच बोलेल. बहुतेक त्याच रात्री.

दिवाळीच्या सुट्टीत तुम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसते, म्हणून ही भेट त्याआधीची कर. आणि एक विचारायचं राहिलं. तिने तुला थेंब न देता डॉक्टरकडे पाठवलं होतं, त्याचं पुढे काय झालं ते पत्रात नाही. कान दाखवलास का? दाखवला नसशील तर तोवर बुडी मारू नकोस, आणि तिला भेटायला जाशील तेव्हा तो कागद खिशात असू दे. ती ते पहिलं विचारेल.

तुझी,
ताई